चोरीची सायकल, विकत घेणारा आणि खरा मालक

प्रश्न : संतपूरच्या बाजारातून चोरीला गेलेली माझी सायकल उदगीरला एकाकडे दिसली. तो म्हणतो, पैसे मोजून घेतली. परत मिळेल का?

उत्तर : मिळायला हवी. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार विकणाऱ्याकडेच मालकी नसेल, तर ती घेणाऱ्याकडेही जात नाही. तो प्रामाणिक असेलही. पण त्याने आपले पैसे विकणाऱ्याकडून वसूल करावेत. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेतला असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ त्यालाही लागते. सायकल हिसकावून मात्र आणू नका. पेडलच्या आसाखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर पावतीशी जुळवा आणि ठाण्यात तक्रार द्या. खरी मेख किमतीत आहे : ५००० रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र, म्हणजे तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हा जाच नेमका गरिबाच्या सायकलीला! तरीही तो आदेश मागाच. जप्तीनंतर ताबाही न्यायालयाकडूनच मिळतो.