पाना कुणाच्या हातात?

तेरमध्ये राहून जुनी मारुती ८०० वापरायची, म्हणजे माणूस थोडाबहुत मेकॅनिक होतोच. तीन सिलिंडरची, ७९६ सीसीची ही गाडी १९८३ साली आली, २०१४ साली बनायची थांबली. आमच्या दारात अजून उभी आहे. तिच्या संगतीत जे उमगलं ते असं.

१. घरी काम केल्याने पैसे वाचतात, पण त्याहून मोठं म्हणजे गाडीची ओळख होते. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की रस्ताभर भुसा नि धुरळा उडतो. त्या दिवसांत एअर फिल्टर काढून उन्हात धरला, तर पलीकडचा उजेडच दिसेना. गाडी चढाला का दमते, याचं उत्तर हातातच होतं.

२. साध्या कामालाही रीत असते आणि रीतीमागे कारण. बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने निघते, पण आधी सोडवायची ती निगेटिव्ह केबल. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलो आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडतात. जोडताना क्रम उलटा. कारण कळलं, तसं पाठ करायची गरजच उरली नाही.

३. थांबणं हीसुद्धा दुरुस्तीच. चैत्रात आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची यात्रा भरते, ऊन रणरणत असतं, गर्दीत गाडी पहिल्या गिअरवर सरकते आणि काटा वर चढतो. रेडिएटरचं झाकण आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांपुढे जाऊनही उकळत नाही. तेच झाकण गरम असताना फिरवलं, तर पाणी उसळून तोंडावर येतं. इंजिन निवेपर्यंत सावलीत बसून राहायला धीर लागतो. तो मला गाडीनेच शिकवला.

४. मिस्त्रीच्या मजुरीत त्याच्या कानाचेही पैसे असतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मुठीला कान लावणारा मिस्त्री मी जवळून पाहिला. एकेक जागा ऐकत तो अल्टरनेटरपाशी थांबला. म्हणाला, "मालक, बेअरिंग गेलंय." गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं ओळखलं, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकतो. ती त्या दिवशी नव्याने कळली. तेव्हापासून मजुरीसाठी घासाघीस करवत नाही.

५. स्कॅनरने मिस्त्रीची गरज संपवली नाही. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे नियम आले, गाड्यांतले सेन्सर वाढले. यंत्र कोड दाखवतं, कुठल्या सेन्सरची तक्रार आहे ते सांगतं. पण सेन्सरच गेलाय की उंदराने वायर कुरतडलीय, हे वाकून पाहावंच लागतं.

६. काम जमतं का, हा प्रश्न मी आता दुसरा विचारतो. पहिला प्रश्न, बिघडलं तर भोगणार कोण? फिल्टर नीट बसला नाही तर माझाच खोळंबा होईल. ब्रेकच्या लाइनमध्ये हवा राहिली, तर पेडल नुसतं खाली जाईल आणि समोर कुणाचं तरी लेकरू असेल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणारा घरच्यांनाही पणाला लावतो. म्हणून फिल्टर, प्लग, बॅटरी माझ्याकडे. ब्रेक आणि स्टिअरिंग मिस्त्रीकडे. ही वाटणी पैशांच्या हिशेबाने केली असती, तर वेगळी झाली असती.