पावती यजमानांच्या नावावर, खोली कुणाची?

प्रश्न : गिरगावातल्या जुन्या चाळीत लग्न झाल्यापासून राहते. खोली पागडीची, भाडेपावती यजमानांच्या नावावर. गेल्या वर्षी ते वारले. चाळ आता नव्या मालकाने घेतली आहे. तो माझ्याकडून भाडं घेत नाही. म्हणतो, ‘भाडेकरू गेले, हक्क संपला. पैसे घ्या आणि खोली सोडा, इमारत पाडायची आहे.’ कल्याणची मुलगी कायमची तिच्याकडे बोलावते आहे. मी काय करावं?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : हक्क संपलेला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७(१५) नुसार भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू ठरते. पावतीवर तुमचं नाव चढलं नाही किंवा मालक बदलला, म्हणून हे बदलत नाही.

मालक भाडं नाकारतो, त्यामागे हिशेब असतो. पुढे थकबाकीचा दावा लावता येतो. म्हणून दरमहा भाड्याचा धनादेश स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावत्या जपा. धनादेश परत आला, तर तो लिफाफाही ठेवा. थकबाकीची नोटीस आलीच, तर ९० दिवसांत रक्कम चुकती करा. ती मुदत संपण्याआधी मालकाला त्या कारणावरून दावा लावता येत नाही. भाड्याची लेखी पावती देणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, हेही त्याला पत्राने कळवा.

मुलीकडे जरूर जा, पण खोलीला कायमचं कुलूप लावू नका. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर कलम १६ खाली ती रिकामी करून मागता येते. वीजबिल, रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव याच पत्त्यावर राहू द्या.

आता पैशांचं. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी) असेल आणि मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकास होणार असेल, तर निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर विनामूल्य, मालकी हक्काने मिळतं. मालकाची रक्कम गिरगावातल्या अशा घराच्या किमतीशी ताडून पाहा. पुनर्विकासाला मान्यता द्यायची झाली, तरी नवं क्षेत्रफळ, ताबा आणि दरम्यानचं भाडं लिहिलेला नोंदणीकृत करार हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. कोऱ्या कागदावर किंवा ‘ना हरकत’वर सही नको.

पालिकेने इमारत धोकादायक ठरवली, तर मात्र जिवाशी खेळू नका. बाहेर पडण्याआधी खोलीचं मोजमाप पालिकेच्या नोंदीत घेतलं आहे ना, ते पाहा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनसी खिमजी प्रकरणात म्हटलं आहे.

दमदाटी झाली, तर लघुवाद न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. सोबत यजमानांचा मृत्यू दाखला, विवाहाचा पुरावा आणि जुन्या भाडेपावत्या न्या.