अर्धांगवायूनंतर आखडलेले हातपाय : घरच्यांनी काय करावे?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. प्लॉट पाहणीसाठी गावोगाव फिरताना एखाद्या ओसरीवर अर्धांगवायू झालेले सभासद भेटतात. हात छातीशी आखडलेला, मूठ मिटलेली, चालताना टाच टेकत नाही. "आता हे असंच राहायचं," असे घरची माणसे सांगतात. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण चूक आमच्याच घरात झाली, म्हणून लिहितो.

आमच्या तात्यांना गाळपाच्या सुरुवातीलाच झटका आला. उजवी बाजू गेली. घरी आणले तेव्हा हात अगदी लुळा होता. चिठ्ठीवर डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिली होती. आम्ही म्हणालो, "एवढा हंगाम आटपू दे, मग बघू." पाडव्यापर्यंत मूठ अशी मिटली की नखे तळव्यात रुतू लागली.

हात आखडतो का?

स्नायू ताणला की तो उलट आवळतो, ही शरीराची उपजत सवय आहे. निरोगी माणसाचा मेंदू तिला आवर घालतो. मेंदूत गुठळी अडकली किंवा रक्तस्राव झाला, की हा आवर सुटतो. चारीचे दार मोडल्यावर पाणी सुटते तसे. म्हणून असा हात झटक्याने ओढला की जास्त ताठतो, सावकाश नेला की कमी. ऑस्ट्रेलियातील मेंदूविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली या ताठरपणाची व्याख्या करताना हीच खूण सांगितली.

दुसरी गोष्ट याहून वाईट. हात महिनोन्‌महिने एकाच स्थितीत राहिला, तर स्नायू खरोखरच आखूड होतो आणि सांधा धरतो. मग तो मोकळा करणे फार अवघड जाते.

घरी काय करावे?

फिजिओथेरपिस्टने एकदा रुग्णाला तपासून समोर करून दाखवावे, मगच घरी पुढील गोष्टी कराव्यात.

१) ठेवण : निजताना व बसताना दुखरा हात उशीवर टेकवावा, तळवा उघडा राहील असे पाहावे. हात लोंबकळत ठेवू नये. खुर्चीत बसवल्यास दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकावीत.

२) मूठ उघडणे : बोटे थेट ओढू नयेत. आधी मनगट हलकेच आतल्या बाजूला वाकवावे, बोटे सैल पडतात. मग अंगठा बुडातून धरून बाहेर घ्यावा, बोटे उघडावीत आणि शेवटी मनगट सावकाश सरळ करावे. मनात ३० ते ६० आकडे मोजेपर्यंत धरावे. दुखले तर थांबावे.

३) भार देणे : कॉटवर बसवून उघडा तळवा बाजूला टेकवावा आणि त्यावर थोडा भार द्यावा. आधार देऊन उभे करावे, टाच टेकली पाहिजे. पोटरी त्यानेच ताणली जाते.

४) काम : नुसत्या ताणाने भागत नाही. तपासणीत असे दिसले आहे, की केवळ ताण दिल्याने सांध्याच्या हालचालीत फारसा फरक पडत नाही. हात थोडा जरी हलत असेल तरी तो कामाला लावावा : वाटी सरकवणे, टॉवेलने पाट पुसणे, पेला धरणे आणि सोडणे. जोर केल्याने ताठरपणा वाढतो, ही जुनी भीती खरी ठरलेली नाही. मात्र नुसता चेंडू दाबत बसू नये, उघडण्याचाही सराव हवा.

काय करू नये?

उठवताना काखेत हात घालून किंवा दुखरा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. जोरजोरात रगडून मालीश करू नये. बधिर कातडीवर गरम शेक देऊ नये. भाजलेले कळत नाही.

ताठरपणा एकदम वाढला तर कारण शोधावे. लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, पाठीला पडलेली जखम, ताप, रुतलेले नख यांनीही तो वाढतो. एवढे करूनही मूठ सुटत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. त्यावर गोळ्या आहेत आणि ठरावीक स्नायूत देण्याचे बोट्युलिनम इंजेक्शनही आहे. परंतु त्याच्या जोडीला व्यायाम चालूच ठेवावा लागतो.

वेळ महत्त्वाची

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढे तो मंदावतो, तरी सराव सोडू नये. म्हणजे आम्ही ज्या हंगामात ऊस गाळत होतो, तोच तात्यांच्या हाताचाही हंगाम होता. ऊस तोडायचा राहिला तर पुढच्या पाळीत तोडता येतो. हाताचे तसे नाही.

पाडव्यानंतर आम्ही उपचार सुरू केले. तात्यांच्या हातात विळा पुन्हा आला नाही. पण मूठ उघडून धुता येते, नखे काढता येतात, आणि उजव्या हाताने ताट दाबून धरून ते डाव्या हाताने आपले आपण जेवतात. वेळेवर गेलो असतो तर किती जमले असते, हा विचार मनातून जात नाही.

आपल्या घरी, भावकीत असा रुग्ण असेल तर तोडणीची पाळी लागली आहे म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी याच आठवड्यात करा. आणि कुणाचे तोंड वाकडे झाले, हात पडला, बोबडी वळली, तर क्षणाचाही वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

— ऊस विकास अधिकारी