अंतराळवीर आणि लोणारचे विवर
अंतराळवीरास निरोगी शरीर, गणित-विज्ञानाचे ज्ञान व शिस्त तर हवीच. परंतु डोळस निरीक्षणही तितकेच आवश्यक असते. चंद्रावर जाण्यापूर्वी अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी अमेरिकेतील ॲरिझोनाच्या उल्काविवरात खडक पारखण्याचे शिक्षण घेतले. आपल्या जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवरही उल्कापातानेच झाले असून, चंद्रावरील काळ्या मैदानांप्रमाणे तेही बेसाल्ट खडकात आहे.

तथापि निवड थोड्यांचीच होते. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले. तेवढेच शिक्षण घेतलेले रवीश मल्होत्रा राखीव म्हणून भूमीवरच राहिले. म्हणून शिक्षकांनी मुलांस अंतराळप्रवासाचे आश्वासन देऊ नये. त्यांस लोणारच्या काठी न्यावे व दिसेल ते लिहावयास सांगावे. निवड होवो वा न होवो, जागी झालेली जिज्ञासा वाया जात नाही.