सेकंडहॅण्ड पिकअप घेताय? आधी बॉनेटवर हात ठेवा!

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की गावाकडे आपली एक वेगळीच ख्याती होते. विहिरीवरची मोटर जळाली, बोलवा त्याला. मिक्सर बंद पडला, विचारा त्याला. आपण इकडे थर्मोडायनॅमिक्समध्ये चाळीस मार्क पडावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलेलो असतो, हे तिकडे कुणाला माहीत नसतं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्यावर असाच प्रसंग ओढवला. त्यातून जे शिकलो ते आय. सी. इंजिन्सच्या जर्नलमध्ये कुठेच नव्हतं, म्हणून हा लेखप्रपंच.

आमचा टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जातो, भाव बरा असला तर वाशीलाही. दरवर्षी भाड्याच्या गाडीपायी हातात काही उरत नाही, म्हणून दादाने जुनी डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलं. बजेट साडेचार लाख. त्यातले दीड लाख आईच्या पाटल्या तारण ठेवून उभे करायचे होते. दादा म्हणाला, "तू इंजिनिअर होतोयस ना, मग गाडी तूच पास कर." सोबत गावातले एक जुने डिझेल मिस्त्री होते.

पहिली गाडी पाहिली आणि मी खलासच झालो. पांढरीशुभ्र, नवीन सीटकव्हर, हौदा नुकताच रंगवलेला. मीटरवर ७८ हजार किलोमीटर. अर्ध्या चावीत स्टार्ट, धूर नाही, खडखड नाही. मी ऐटीत म्हणालो, "दादा, इंजिन एकदम स्मूथ आहे." मिस्त्री मात्र इंजिनचा आवाज ऐकण्याआधीच बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. ते मालकाला एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी येतो." परतताना मला म्हणाले, "अरे इंजिनिअर, बॉनेट तापलेलं होतं. आपण यायच्या आधी त्याने गाडी गरम करून ठेवली होती."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला, न कळवता आम्ही हजर. तीच गाडी चार सेल्फ मारल्यावर कशीबशी उठली आणि पांढऱ्या धुराने सगळं अंगण भरून गेलं. माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

थंड इंजिन का बघायचं?

हे आपल्याला सेकंड इयरलाच शिकवलेलं असतं, फक्त आपण ते पेपरपुरतं वाचतो. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटलं पाहिजे. कॉम्प्रेशन रेशो १७ धरा, आत येणारी हवा ३०० केल्विन, आणि पॉलिट्रॉपिक घातांक १.३५. दाबलेल्या हवेचं तापमान येतं साधारण ८०९ केल्विन, म्हणजे ५३६ अंश सेल्सिअस. डिझेल आपोआप पेटायला ढोबळमानाने सव्वादोनशे ते अडीचशे अंश पुरतात. म्हणजे तब्येतीत असलेल्या इंजिनकडे भरपूर शिल्लक असते.

आता रिंगा आणि लायनर झिजलेले आहेत असं समजा. सेल्फवर इंजिन हळू फिरतं, हवेला बाजूने निसटायला वेळ मिळतो आणि थंड भिंती उष्णता खाऊन टाकतात. घातांक १.२ वर आला तर तापमान येतं ५२९ केल्विन, म्हणजे २५६ अंश. अगदी काठावर! म्हणून ते इंजिन सकाळी रडतं. एकदा तापलं की भिंती गरम, तेल सगळीकडे पोचलेलं, आणि तेच इंजिन शहाण्यासारखं चालू होतं. थोडक्यात, सकाळचा पहिला सेल्फ ही फुकटातली कॉम्प्रेशन टेस्ट आहे. फक्त बॅटरी चांगली आहे आणि हीटर प्लग चालू आहेत एवढं आधी बघून घ्यायचं, नाहीतर चांगल्या इंजिनवर नाहक आळ यायचा.

धुराचा रंग

पांढरा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल. थंडीत मिनिटभर आला आणि गेला तर काळजी नाही. गाडी तापल्यावरही येत राहिला तर कॉम्प्रेशन, इंजेक्टर किंवा टायमिंगची शंका घ्यावी. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि धूर वाफेसारखा असेल तर हेड गॅसकेट संशयित. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल तर खर्च किरकोळ, पण इंजेक्टर किंवा टर्बो गेला असेल तर खिसा रिकामा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील, यातलं एक काहीतरी गेलेलं असतं.

तेल आणि पाणी

डिपस्टिकवर तेल काळं दिसलं म्हणून नाक मुरडू नका. डिझेल इंजिनचं तेल काजळीमुळे लवकर काळं पडतंच. उलट तेल मधासारखं स्वच्छ दिसलं तर कान टवकारा. कालच बदललं असणार, आणि ते जाड ग्रेडचं टाकून आवाज दाबलेला असू शकतो.

इंजिन तापलं की आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण सोडवा आणि त्याच भोकावर उलटं ठेवून द्या. थोडंसं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि आतून भकभक धूर आला तर सिलिंडरमधला गॅस रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये उतरतोय. मिस्त्री लोकांच्या भाषेत, इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. आमच्या त्या पांढऱ्याशुभ्र गाडीचं झाकण टुणकन उडून बॅटरीवर पडलं होतं! त्या इंजिनचं काम काढलं तर लाखाच्या घरात जाईल असा मिस्त्रींचा अंदाज होता.

रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडा, गरम असताना चुकूनही नाही. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला तर पाणी आणि तेल एकमेकांना भेटलेत असं समजा. झाकणाखालचा थोडा थर नुसत्या बाष्पानेही जमतो, पण डिपस्टिकवरही तोच रंग असेल तर सरळ रामराम करा.

मीटर आणि आपली वजाबाकी

मीटर मागे फिरवता येतं, पण गणित फिरवता येत नाही. ती गाडी नऊ वर्षांची होती. ७८ हजार भागिले नऊ, म्हणजे वर्षाला साधारण ८,७००. वर्षाचे ३०० दिवस धंदा धरला तर दिवसाला २९ किलोमीटर. वाशीची एक फेरीच जाऊन-येऊन सहज ३०० किलोमीटर होते. भाजीची गाडी दहा दिवसांतून एकदाच बाहेर पडली, हे कुणाला पटेल? शिवाय क्लच पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगवर बोटांचे खळगे आणि मीटर म्हणतंय ७८ हजार! टायरवरही चार आकडी तारीख असते. ३५१९ असं असेल तर तो टायर २०१९ च्या ३५ व्या आठवड्यातला.

गाडीखाली झोपल्याशिवाय सौदा नाही

पिकअपचं खरं आयुष्य चासीत असतं. आरसीवर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं. त्यांची वजाबाकी म्हणजे कायदेशीर माल. प्रत्यक्षात किती भरतात ते आपण रोज बघतो. वेल्डच्या जोडांचं फटीग आयुष्य ढोबळमानाने ताणाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. म्हणजे दीडपट ताण दिला तर आयुष्य ३.४ पटींनी कमी. दहा वर्षं टिकणारा जोड तीन वर्षांत थकणार.

म्हणून पोतं अंथरा, टॉर्च घ्या आणि खाली झोपा. पाट्यांचे हँगर जिथे चासीला जोडलेत तिथे तडे, नवीन वेल्डिंग किंवा एखाद्याच जागी ताजा काळा रंग दिसतो का ते बघा. पाटे मोजा. जादा पाटा टाकलेला असेल तर गाडीने ओव्हरलोड ओढलाय, तिची जबानीच घ्यायला नको. मागून बघितल्यावर हौदा एका बाजूला झुकलेला नको. गाडी आधी मासळीला लावलेली असेल तर बर्फाचं खारट पाणी चासीत मुरलेलं असतं, तिथे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आणि चासी नंबर कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा.

चालवून बघताना

रिकामी गाडी सगळ्यांचीच छान पळते. शक्य असेल तर माल भरून चढावर न्या. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलेली. उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलला उडी मारत असेल तर गिअर बॉक्सचं काम आहे. मागून हुंकार येत असेल तर डिफरन्शियलचे क्राउन-पिनियन तपासून घ्या. चढ संपेपर्यंत टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवा.

गाडी बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर आणखी एक गोष्ट. चावी ऑन केल्यावर इंजिनचा इशारा दिवा पेटला पाहिजे आणि स्टार्ट झाल्यावर विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर कुणीतरी दिव्याचाच बंदोबस्त केलेला आहे. स्कॅनर लावून घ्या. या गाड्यांमध्ये धुराच्या फिल्टरचं काम स्वस्तात होत नाही.

कागद

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि बँकेचा बोजा कळतो. थकलेली चलानंही ऑनलाइन बघता येतात. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असतं, ते कधी संपतंय ते बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. "नावाचं नंतर बघू" हे कुणाचंच ऐकू नका. नोंदणी ज्याच्या नावावर तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे विकणाऱ्याचीही मान अडकते. आणि विमा दुसऱ्याच्या नावावर राहिला तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळताना आपली अडते.

मग आम्ही काय केलं?

दहा दिवसांनी दुसरी गाडी बघितली. रंग उडालेला, डाव्या दाराला पोचा, मीटर १ लाख ९४ हजार. बॉनेट गार होतं. पहिल्या सेल्फला उठली, थोडा पांढरा धूर आला आणि मिनिटात गेला. झाकण जागेवरच थरथरत राहिलं. चासीवर गंज होता, पण वरवरचा. दोष लपवलेले नव्हते. टायर गेलेले, क्लच जड, ब्रेक आणि बॅटरी मागायला लागलेली. मिस्त्रींनी तिथेच पाकिटाच्या मागे हिशेब मांडला: चार टायर २८ हजार, क्लच १४, ब्रेक आणि बॅटरी १८. एकूण ६० हजार. मालक साडेचार म्हणत होता. तो कागद त्याच्यापुढे ठेवला आणि तासाभराच्या चहापाण्यानंतर सौदा तीन लाख नव्वदला तुटला. दुरुस्तीसकट बरोबर साडेचार.

तेव्हापासून गाडीला एक इंजेक्टर आणि एक बेल्ट लागलाय. आईच्या पाटल्या अजून तारणच आहेत, पण हप्ता एकदाही चुकलेला नाही. पहिली गाडी माझ्या शब्दावर घेतली असती तर काय झालं असतं, हा विचार मात्र हॉस्टेलवर रात्री कधीकधी येतो.

मित्रांनो, तुमच्याही घरून कधीतरी फोन येईल, "तू इंजिनिअर ना, बघ जरा." तेव्हा लगेच "स्मूथ आहे" म्हणू नका. गावातला एखादा जुना मिस्त्री सोबत घ्या, आपली गणितं त्याच्या हाताशी ताडून बघा, आणि सकाळी लवकर उठा. शेवटची गोष्टच आपल्या हॉस्टेलवाल्यांना सगळ्यात अवघड, हे मला मान्य आहे!