बोटांची वाट

मुलांनो, नाशिकरोडच्या छापखान्यात चलनी नोटा छापतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. १०० रुपयांची नवी नोट पाहा. तिच्या दोन्ही कडांना चार-चार तिरक्या रेघा आहेत. ५०० रुपयांच्या नोटेवर त्या पाच-पाच आहेत. या रेघा उठावाच्या असतात. अंध माणूस त्यांवरून बोट फिरवून नोट ओळखतो.

वाचनाचेही तसेच आहे. फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९–१८५२) लहानपणीच अंध झाला. पॅरिसच्या अंधशाळेत तेव्हा नेहमीचीच अक्षरे मोठी व उठावदार छापून शिकवत. ती बोटांना चटकन कळत नसत. लुईने वयाच्या १५ व्या वर्षी सहा टिंबांची लिपी तयार केली. मुले भराभर वाचू लागली, लिहूही लागली. मुले तीच होती. पद्धत बदलली होती.

आपण उर्दू उजवीकडून वाचतो आणि मराठी डावीकडून. ब्रेलमध्ये मात्र दोन्ही भाषा डावीकडूनच वाचतात.

वर्गात कोणाला फळा नीट दिसत नाही, कोणाला कमी ऐकू येते, कोणी अक्षरे उलटसुलट वाचतो. अशा मुलाला 'ढ' म्हणू नका. त्याला शिकण्याची वेगळी वाट हवी असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचन-लेखनाच्या अशा अडचणींचाही समावेश आहे. शिक्षक त्याला जास्त वेळ देतील. तुम्ही त्याला फळ्यावरचा मजकूर वाचून दाखवा.

स्वाध्याय
१. लुईच्या लिपीत किती टिंबे असतात?
२. 'मुले तीच होती; पद्धत बदलली होती.' या वाक्याचा अर्थ सांगा.