"परवा" म्हणजे नक्की कधी? दुकानात आणि घरात स्पष्ट बोलण्याबद्दल



मागच्या व्हिडिओत आपण उधारी बघितली. आजचा विषय ऐकायला साधा वाटेल, पण मला तो एका रात्रीत ८,४०० रुपयांना पडलाय. पैसे गेले ते गेलेच, पण त्याहून मोठं काहीतरी जाता जाता राहिलं.

माझं भांड्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहितीच आहे. आहेराची, वाणाची भांडी आम्ही नाव घालून देतो. एका शनिवारी रात्री एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "परवा वास्तुशांत आहे, ६० डबे पाहिजेत, नाव आणि तारीख घालून." मी म्हटलं, होऊन जाईल. रविवारी सकाळी मी एका लग्नाला निघालो होतो. गाडीतूनच दुकानातल्या मामांना फोन केला, "मामा, परवा वास्तुशांत आहे, ६० डब्यांवर नाव-तारीख घालून ठेवा." झालं काम, असं मला वाटलं.

आता नीट बघा. गिऱ्हाइकाचा "परवा" शनिवारपासूनचा, म्हणजे सोमवार. माझा "परवा" रविवारपासूनचा, म्हणजे मंगळवार. मामांनी ६० च्या ६० डब्यांवर मंगळवारची तारीख घातली. स्टीलवर मशीनने घातलेली तारीख पुसता येत नाही. गिऱ्हाईक संध्याकाळी माल न्यायला आलं तेव्हा हे कळलं.

मी काय केलं? गिऱ्हाइकासमोर मामांवर ओरडलो. मामा माझ्या वडिलांच्या काळापासून दुकानात आहेत, मला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलंय. ते काही बोलले नाहीत. गुपचूप दुसऱ्या मापाचे डबे काढले आणि रात्री ११ पर्यंत बसून नव्याने नाव-तारीख घातली. शटर ओढताना एवढंच म्हणाले, "बाळ, तू रविवारी परवा म्हणालास."

मी म्हटलं, मग विचारायचं ना, कुठला वार म्हणून!

"विचारलं की तू चिडतोस."

पुढचे दोन दिवस ते दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि चूक माझी होती हे त्यांच्या मुलासमोर कबूल केलं. बीबीएला आम्हाला कम्युनिकेशनचा अख्खा पेपर होता बरं का. सेंडर, रिसिव्हर, फीडबॅक, सगळं पाठ. फीडबॅक देणाऱ्यावर आपणच आधी डाफरून ठेवलेलं असतं, हे मात्र त्या पेपरात नव्हतं.

आपल्या भाषेत "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही. "आठ दिवसांत" म्हणजे एक आठवडा, हे महाराष्ट्राबाहेरच्या व्यापाऱ्याला कळेलच असं नाही. फोनवर "सात" आणि "साठ" तर रोज फसवतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "बावीस"ला "वीस दोन" आलं तेव्हा सगळ्यांनी चेष्टा केली, मीही केली. पण गर्दीच्या वेळी फोनवर आकडा सांगताना मी आता "सहा शून्य, साठ" असंच म्हणतो.

तर आमच्याकडे काय बदललं ते सांगतो. ऑर्डरच्या वहीत वार आणि तारीख दोन्ही लिहायचं. संख्या आकड्यात आणि अक्षरात. भांड्यावर घालायचा मजकूर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहायचा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून पाठवायचा. व्हॉइस मेसेज चालणार नाही, कारण नंतर त्यात काही शोधता येत नाही. आणि "कळलं का?" हा प्रश्न बंद. त्याला सगळे "हो"च म्हणतात. त्याऐवजी "काय करायचंय ते मला एकदा सांगा." विमानाचे वैमानिकही कंट्रोल टॉवरने दिलेली महत्त्वाची सूचना तशीच परत म्हणून दाखवतात. तिथे ते चालतं तर आपल्या दुकानात का लाजायचं?

तुमच्यापैकी जे स्वतः माल बनवतात किंवा सेवा देतात, त्यांच्यासाठी एक कायद्याची गोष्ट. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर नसते. लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. माझ्यासारख्या निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना याचा फायदा नाही, आमची उद्यम नोंदणी प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. पण "बघू, देतो नंतर" याला काही किंमत नाही, हे सगळ्यांनाच लागू.

आता घरचं. हे सांगायला मला जरा जड जातंय. एका दिवाळीला माल भरायला मी घरच्या खात्यातून २५,००० रुपये काढले. बायकोला म्हटलं होतं, "थोडे पैसे फिरवतोय." माझ्या मते मी सांगितलं होतं. तिच्या मते थोडे म्हणजे चार-पाच हजार. मुलीच्या शाळेची फी भरायला ती गेली आणि खात्यात पैसे नव्हते. घरी येऊन ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "गिऱ्हाइकाला रुपयाचा हिशोब देतोस, मला 'थोडे'?"

तेव्हापासून रविवारी जेवण झालं की १५ मिनिटं आम्ही वही घेऊन बसतो. किती काढले, कधी परत येणार, या आठवड्यात कुणाची फी, कुणाचा हप्ता. "उशीर होईल" असा मेसेज मी आता करत नाही, "साडेदहा" असा करतो. ती जेवून घेते. पहिले दोन रविवार वाद झाले, खोटं का सांगू.

चुकीच्या तारखेच्या डब्यांपैकी बरेच भंगारच्या भावात गेले. चार आमच्या स्वयंपाकघरात आहेत, एकात पोहे, एकात रवा. टाकून दे म्हटलं तर बायको टाकत नाही.

आणि मामा? गेल्या आठवड्यात मी घाईत म्हटलं, "मामा, परवा गाडी येईल." त्यांनी चष्मा वर केला, पेन घेतलं आणि गिऱ्हाइकासमोरच विचारलं, "वार सांग."